गचके थांबले की ॲव्हरेजही सुधारेल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी कराडला राहते, नोकरी पाटणला. आम्ही २०२० सालची अल्टो ८०० सेकंडहँड घेतली. लायसन्स जुनं आहे, पण रोज गाडी चालवायची वेळ आत्ताच आली. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर होतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुंभार्ली घाटाने माहेरी चिपळूणला जाणं असतं. पहिल्यातून दुसरा टाकताना गाडी गचका खाते. मागे सासूबाई असल्या की दर वेळी पुढची सीट घट्ट धरतात. रिव्हर्स टाकताना कधीकधी कर्रकन वाजतं. कंपनी २२ चं ॲव्हरेज सांगते, मला १५ च्या वर मिळत नाही. दीर म्हणतात, लवकरात लवकर पाचवा टाकत जा. मिस्टर म्हणतात, घाट उतरताना न्यूट्रल कर, गाडी फुकट उतरते. ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी दोन्ही नको म्हणून सांगितलं होतं. कुणाचं ऐकू? की ही विकून सरळ ऑटोमॅटिक घेऊ?"
एक वाचक, कराड

ताई, नमस्कार.

आधी न्यूट्रलचं बोलू. बाकीचं चुकलं तर फार तर पेट्रोल जास्त जाईल, इथे चुकलं तर जिवावर बेतेल.

मिस्टरांचा सल्ला हवेतून आलेला नाही. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत (कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा भाग), म्हणजे जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत, उतारावर गिअरमध्ये पाय सोडला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राहायचं. त्या काळात ज्यांचा हात बसला, त्यांच्याकडून ही सवय पुढच्या पिढीकडे आली. तुमच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टर आहेत. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला आहे आणि इंजिन बऱ्यापैकी फिरतंय, असं दिसलं की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलचा फवारा बंदच करतो. तेवढा वेळ चाकंच इंजिन फिरवत असतात. वेग फार उतरला, इंजिन आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीत फिरतं तेवढ्या फेऱ्यांच्या, जवळ आलं, की फवारा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिनाला चाकांचा आधार उरत नाही. बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे ज्याला आपण फुकट उतरणं समजतो त्यात पेट्रोल जातं, आणि गिअरमध्ये उतरताना जात नाही. मिस्टरांना पटलं नाही, तर क्षणोक्षणीचं ॲव्हरेज दाखवणारा डिस्प्ले ज्यांच्या गाडीत आहे अशा कुणाच्या तरी शेजारी त्यांना बसवून एकदा घाट उतरा. गिअरमध्ये पाय सोडला की तो आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो.

आता जिवाचं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ नसते, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर. कुंभार्लीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड आणि लायनर तापतात, आणि तापल्यावर पकड कमी होते. पेडल दाबलेलं असतं, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. कुणी याच्या पुढे जाऊन चावीच बंद करतं. मग ब्रेकला बळ देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वर्षानुवर्षं अपघात होत आलेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच ट्रकने रांगेतल्या कितीतरी गाड्या चिरडल्या. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, हे पोलीस चालकांना पुन्हा पुन्हा सांगत असतात. ट्रक असो वा अल्टो, उताराला फरक पडत नाही.

घाटासाठी जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे: ज्या गिअरात हा घाट चढला असता, त्याच गिअरात उतरा. कुंभार्लीत तो बहुतेक तिसरा आणि अवघड वळणांवर दुसरा. तिसऱ्यात असताना गाडी हळूहळू वेग घेतेय असं वाटलं, तर ब्रेक ठाम दाबून वेग उतरवा, दुसरा टाका आणि मग ब्रेकवरून पाय काढून घ्या. थोडा थोडा दाबून सतत घासत ठेवायचा नाही. दाबायचा तेव्हा नीट दाबायचा, मग सोडून त्याला थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या गिअरात इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, इंजिनाला काही होत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं आणि चिखल असतो, तेव्हा तर ही इंजिनाची ओढ फारच उपयोगी पडते. आणि वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अरुंद जागी चढणाऱ्याचा हक्क पहिला, हा नियमच आहे, आणि त्यात समोरच्याचं पेट्रोलही वाचतं.

दिरांच्या पाचव्या गिअरकडे येते. त्यांचं अर्धं बरोबर आहे. वरच्या गिअरात इंजिन कमी फिरतं, म्हणून पेट्रोल कमी लागतं, हे खरं. पण अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ४८ पीएस ताकदीचं. त्याचा जास्तीत जास्त जोर, ६९ न्यूटन-मीटर, ३,५०० आरपीएमला मिळतो. चाळीसच्या वेगात पाचवा टाकलात तर ते बिचारं घुसमटतं. गाडी थरथरते, डॅशबोर्ड कुरकुरतो, पाय कितीही दाबा, वेग येत नाही. आणि पाय तळाला टेकला की कॉम्प्युटर उलट जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे लवकर पाचवा टाकून जे वाचवलं ते तिथेच गेलं, शिवाय क्लच आणि इंजिन माउंटिंगला (इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं त्यांना) धक्के बसले ते वेगळेच.

तुमच्या गाडीत आरपीएमचा काटा नाही, म्हणून वेग आणि कान यांवरच चालवायचं. सपाट रस्त्यावर दुसरा पंधराच्या आसपास, तिसरा तीसला, चौथा चाळीस-पंचेचाळीसला, पाचवा पंचावन्न झाल्यावर. गाडीत चार माणसं असतील, एसी चालू असेल किंवा थोडा चढ असेल, तर प्रत्येक टप्पा पाचेक किलोमीटरने पुढे ढकला. काही दिवसांत आकडे बघायची गरज उरणार नाही. इंजिन गुणगुणत असेल तर गिअर बरोबर आहे. घुमल्यासारखा जड आवाज आणि सीटखाली थरथर म्हणजे एक गिअर खाली या. आवाज चढत जाऊन किरकिरा झाला की वर जा.

इथे एक गैरसमज फार दिसतो. ॲव्हरेजसाठी गाडीचा वेग अगदी हळू, मुंगीच्या पावलांनी वाढवायचा, असं लोक समजतात. तसं नाही. पेडल जेमतेम टेकवून बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्यात रांगत राहिलात तर उलट जास्त लागतं, कारण पेट्रोल इंजिन अर्धवट बंद थ्रॉटलवर (हवा आत सोडणाऱ्या झडपेवर) काम करताना हवा ओढण्यातच बरीच शक्ती घालवतं. पेडल एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत दाबा, वेग पटकन येऊ द्या, वेळेवर गिअर बदला आणि हव्या त्या वेगाला आल्यावर पाय हलका करा. वेग वाढवताना ठाम आणि वेग राखताना हलका, असा पाय हवा.

आता गचक्याचं सांगते. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळं मूळ इथे आहे.

रविवारी सकाळी एखादं रिकामं, सपाट मैदान गाठा. आधी सीट बघा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि टाच जमिनीवर टेकलेली. बरेच जण सीट इतकी मागे ठेवतात की पाय हवेत तरंगतो. तरंगत्या पायाने क्लच सावकाश सुटणं शक्यच नाही. पातळ, सपाट तळव्याची चप्पल-बूट चालेल, पण टाचेला पट्टा हवा. मग इंजिन चालू करा, पहिला टाका, आणि ॲक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, न लावता क्लच हळू हळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल, बॉनेट जरासं हलेल, आणि गाडी आपणहून पुढे सरकू लागेल. ती जागा म्हणजे क्लच पकडतो ती जागा. थांबा, पुन्हा करा, पुन्हा करा. पायाला ती जागा डोळे मिटून सापडली पाहिजे. डोळे मिटून चालवू नका, एवढंच.

त्या जागेच्या खालचा क्लचचा प्रवास भराभर गेला तरी चालतो, वरचाही चालतो. फक्त त्या बोटभर पट्ट्यात पाय सावकाश हवा. नवशिके नेमकं उलटं करतात: खालून हळूहळू वर आणतात आणि पकडायच्या जागी आल्यावर एकदम सोडतात. सासूबाईंना जो धक्का बसतो तो तिथला.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्रम असा ठेवा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी. आधी पाय उचलून मग क्लच दाबलात तर गाडी नाक खाली घालते. आधी क्लच दाबून पाय नंतर उचललात तर इंजिन भकाभका रेस होतं. मग गिअर सरळ खाली ओढा, मध्ये क्षणभर थांबल्यासारखा हलका हात ठेवा. गिअरबॉक्सच्या आत पितळी रिंगा असतात, त्या दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणाऱ्या भागांना एका वेगावर आणतात. त्यांना अर्धा श्वास वेळ दिला की गिअर लोण्यासारखा पडतो, जबरदस्तीने ढकलला की खडखडतो. दुसरा पडला की क्लच पकडायच्या जागी आणून डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ तिथे धरा आणि मग सोडता सोडता हलकं पेट्रोल द्या. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे धुराच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या तुमच्यासारख्या गाड्यांत, पाय काढल्यावर इंजिनाचे फेरे जरा सावकाश उतरतात, म्हणून घाईने क्लच सोडला की गाडी पुढे उडी मारते. त्या क्षणभराच्या थांब्याने तो धक्का जातो.

दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा मुठीत आवळू नका. न्यूट्रलला आला की आतल्या स्प्रिंगमुळे तो आपोआप मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या समोर येतो. तळहाताने नुसता पुढे लोटा. मुठीत धरून तिरका ओढणाऱ्यांचाच तिसऱ्याऐवजी पहिला किंवा पाचवा पडतो. हिवाळ्यात पहाटे पहिली काही मिनिटं दुसरा गिअर जड वाटतो, ते गिअर ऑइल थंड असल्याने. थोडं अंतर गेलं की मोकळा होतो.

गाडी चालती असताना पहिल्यात परत जाऊ नका. रांगत्या रहदारीत दुसराच चालतो. पहिला फक्त जवळजवळ थांबल्यावर. आणि गिअर बदलून झाला की डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवा. पेडलवर नुसता विसावलेला पायही प्लेट अर्धवट सुटी ठेवतो, आणि मग ती झिजते. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं तर बंदच करा. पाटणच्या बाजारात चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा. निघताना पहिला टाकून क्लच पकडायच्या जागी आणा, इंजिनाचा आवाज बसला की थोडं पेट्रोल द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी इंचभरही मागे जात नाही.

रिव्हर्सचा आवाज सोपा आहे. पुढच्या गिअरांना त्या पितळी रिंगा असतात, रिव्हर्सला बहुतेक छोट्या गाड्यांत नसतात. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात दोनापर्यंत मोजा, मग टाका. तरीही अडलं तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका. एवढं करूनही रोज वाजत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलची ॲडजस्टमेंट बघून घ्या.

गिअर आणि क्लच सुधारले तरी खरं पेट्रोल वाचतं ते नजरेने. गाडीला वेगात आणायला जे पेट्रोल जळालं, ते ब्रेक दाबल्यावर पॅड तापवण्यात जातं. म्हणून ब्रेक कमीत कमी लागेल असं चालवणं हाच ॲव्हरेजचा सगळा खेळ आहे, आणि गंमत म्हणजे मागे बसलेल्याला सुखाची वाटणारी गाडीही तीच. तुमचा कराड-पाटण रस्ता यासाठी चांगला धडा आहे. गावागावात स्पीडब्रेकर, मध्ये एसटी थांबणार, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या. ट्रॉलीच्या बुडाशी जाऊन चिकटलात की सतत ब्रेक, रेस, ब्रेक, रेस. चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवा, तिच्याच वेगाला दुसऱ्या किंवा तिसऱ्यात शांत चालत राहा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. समोरचा लांबवर रस्ता मोकळा दिसला की आधीच गिअर खाली घेऊन एका दमात पुढे जा. चौथ्यात राहून ओव्हरटेक करायला गेलात तर ४८ पीएसची गाडी ट्रॉलीच्या बरोबरीला अडकून राहते, आणि ते धोक्याचं.

गावाचा बोर्ड दिसला की स्पीडब्रेकर येणार हे तुम्हाला रोजचं माहीत आहे. तर तिथूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच ओसरू द्या. या वेळात पेट्रोल शून्य. अगदी जवळ आल्यावर थोडा ब्रेक, दुसरा गिअर, चाकं पार झाल्यावर पुन्हा वेग. तिसऱ्यात फरफटत ओलांडून तिथूनच ओढायला लावू नका. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर किंवा कुठे मिनिटभराहून जास्त थांबायचं दिसलं तर इंजिन बंद करा. उभ्या उभ्या तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातं.

आता २२ आणि १५ च्या हिशेबाकडे. तुमच्या मॉडेलचा प्रमाणित आकडा २२.०५. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या चढउतारांनी मोजतात. वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, घाट नसतो, स्पीडब्रेकर नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, तुमच्या रस्त्यावरचं भाकीत म्हणून नाही. तुमच्या रस्त्यावर एसी लावून १८ मिळालं तर गाडी ठणठणीत आहे असं मी म्हणेन.

शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या कृष्णाकाठच्या उसापासूनही बनतं, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानाने मिश्रणात सहा-सात टक्के कमी. तेवढा फटका तुमच्या पायाच्या दोषात मोजू नका.

आणि तुम्ही १५ मोजलं कसं, हे पत्रात नाही. पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकून काट्यावरून अंदाज बांधला असेल तर तो आकडा विसरा. टँक फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, किलोमीटर लिहून घ्या. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच फुल करा. मधले किलोमीटर भागिले या वेळी गेलेले लिटर. असं तीन टँक करा, त्यातल्या एकात चिपळूणची फेरी येऊ द्या, पण जाणं-येणं दोन्ही एकाच टँकमध्ये. कारण कराडहून चिपळूणला जाताना गाडी समुद्रसपाटीच्या जवळ उतरते, येताना सहाशेक मीटर चढते. गाडी, दोन माणसं आणि आईने दिलेलं सामान मिळून नऊशे किलो धरले, तर नुसतं एवढं वर उचलायला या इंजिनाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे सपाटीला १८ देणारी गाडी येतानाच्या शंभरेक किलोमीटरला १६ देणार. त्यात ना गाडीचा दोष ना तुमचा. चढताना फक्त वळणाच्या आधी गिअर खाली घ्या, वळणात नाही. एसीने इंजिन हतबल होत असेल तर त्या काही किलोमीटरपुरता बंद ठेवा.

एरवी एसीची फार चिंता नको. गावात काचा उघड्या ठेवा, मोकळ्या रस्त्यावर सत्तरच्या पुढे काचा बंद करून एसी लावा. हायवेवर पुण्याला जाताना मात्र वेगावर लक्ष ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. छोट्या गाडीचा ॲव्हरेज हायवेवर बिघडतो तो तिथे.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना भरा. आकडा पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नको, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतो त्यावरचा. गाडी चालवून गेल्यावर हवा गरम होऊन दोन-चार पीएसआय जास्त दाखवते, आणि तेवढी जास्त झाली असं समजून लोक ती सोडून देतात. तसं करू नका. पावसाळ्यात माहेरी दोन दिवस गाडी हँडब्रेक ओढून उभी राहिली असेल तर मागचे ब्रेक चिकटू शकतात. सपाट जागी पहिल्या गिअरात लावून चाकाला दगड लावणं चांगलं. पाटणहून घरी आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त गरम वाटलं तर तिथला ब्रेक घासतोय, आणि तो रोज तुमचं पेट्रोल खातोय.

गाडी सेकंडहँड आहे, म्हणून मेकॅनिककडे दोन गोष्टी तपासून घ्या. एक क्लच प्लेट: हँडब्रेक पूर्ण ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, तिसरा टाकून क्लच सोडला की इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. चढावर आवाज वाढतो पण वेग नाही, हेही तेच लक्षण. ही परीक्षा एकदाच, मेकॅनिकसमोर. दुसरं इंजिन माउंटिंग: ते रबर गेलेलं असलं तर पाय कितीही सुधारला तरी गचके राहतात. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या आणि पाइपला लावायचे लोहचुंबक कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

राहिलं ऑटोमॅटिक. तुमच्या बजेटमध्ये येणाऱ्या छोट्या ऑटोमॅटिक बहुतेक एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असतात. भारतात ही सोय २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आली. त्यातही तीच क्लच प्लेट, तोच गिअरबॉक्स. फक्त दाबण्याचं आणि बदलण्याचं काम मशीन करतं. नवी अल्टो के-१० घेतली तर प्रमाणित आकडा मॅन्युअलला २४.३९, एएमटीला २४.९०. ॲव्हरेजसाठी बदलण्याइतका हा फरक नाही, आणि एएमटीही गिअर बदलताना थोडी डुलतेच. घाटात तिलाही मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर धरावा लागतो. गुडघा दुखत असेल, किंवा रोज दोन-दोन तास शहराच्या गर्दीत जात असतील, तर एएमटी जरूर घ्या. तुमचा रस्ता तसा नाही. तीन टँकचा हिशेब आणि मेकॅनिकची तपासणी झाल्याशिवाय गाडी विकायला काढू नका. आकडे आले की मला कळवा. तेव्हाही १५ च असेल तर गाडीतला दोष आपण मिळून शोधू.